अक्का, सव्वादोन वाजलेत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कचेरीत नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. विजांचा इशारा अळणावरकडच्या एका वाडीला पाठवायचा होता. तो सव्वादोनला माझ्या फोनमध्ये तयार होता आणि मी तो दोन त्रेपन्नला पाठवला. मधल्या अडतीस मिनिटांत तिथे एक बाई वीज पडून गेली. आणि दुसरी एक बाई, जिचा यात काडीचा दोष नाही, ती दोन वर्षं हा मृत्यू आपल्यामुळे झाला असं समजून जगते आहे. तिचा तसा समज व्हावा असं मी काही बोललो नाही. गप्प राहिलो, तेवढं पुरलं.

गप्प राहणं मला जड गेलं नाही, कारण माझा स्वभावच तो. मळमड्डीत आमच्या गल्लीतल्या लोकांना माझी स्कूटर ओळखू येते, पण मी नेमकं काय काम करतो ते कोणाला सांगता येणार नाही. काम असं आहे. धारवाडच्या एका सरकारी कचेरीत, कंट्रोल रूम म्हणतात त्या खोलीत, माझं टेबल आहे. मार्च सरला की दुपारचे ढग उठायला लागतात. वारा, गारा, विजा. वरून इशारा येतो की पुढच्या तीन तासांत अमुक भागात गडगडाटासह पाऊस. तो गावोगावच्या ग्रुपवर टाकायचा, रजिस्टरात वेळ लिहून सही करायची आणि मग कुठे झाड पडलं, कुठे पत्रे उडाले याचे फोन घ्यायचे.

इशारा कन्नडमध्ये येतो. आम्हा इथल्या मराठी लोकांना त्याचं काही वाटत नाही, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड हे आमचं जन्मापासूनचं. पण अळणावरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मराठी शेतकरी-मजुरांच्या वाड्या आहेत. तिथल्या बायका बाजारापुरतं कन्नड बोलतात, वाचायला मात्र त्यांना ना कन्नड येतं ना मराठी. वाचणारी तरणी माणसं कामाला हुबळीत. म्हणजे इशारा यायचा आणि शेतात असलेल्या माणसापर्यंत पोचायचाच नाही. म्हणून मी माझ्या मनाने मराठीतून आवाज पाठवायला लागलो. तसा कोणाचा हुकूम नव्हता. नोकरीत आपलं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान पुढे नडला.

माझी पद्धत ठरलेली. फोनच्या रेकॉर्डरवर आधी बोलायचं, एकदा ऐकून बघायचं, मग ती फाईल पाठवायची. सुरुवात नेहमी वेळेपासून. "अक्का, दोन वाजलेत. इथनं तीन तासांत तुमच्याकडं विजा पडतील. झाडाखाली थांबू नका, शाळेत चला." तीन तास कुठून मोजायचे हे ऐकणाऱ्याला कळावं म्हणून वेळ आधी सांगायची ही युक्ती मीच काढली होती.

ही अक्का म्हणजे माझी कोणी नातलग नव्हे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी त्या वाडीवर माहिती द्यायला गेलो होतो, देवळाच्या मंडपात तक्ता टांगून. पुरुष फोनमध्ये डोकं घालून बसले होते. मागून एक बाई म्हणाली, "वीज आली की पळायचं कुठं, तेवढं सांगा. ती येती कशी ते आमाला म्हाईत हाय." माझ्याच वयाची असेल. सगळी वाडी तिला अक्का म्हणत होती, मीही म्हणू लागलो. ठरलं असं की माझा आवाज तिच्या फोनवर येणार आणि ती बांधावर उभी राहून स्टीलचं ताट पळीने बडवणार. ताट वाजलं की शेतातल्या बायकांनी हातातलं टाकून शाळेच्या स्लॅबच्या खोलीत यायचं. तिच्याशेजारी तिची जाऊ बसली होती. दोघी एकाच मांडवात लग्न होऊन आलेल्या, एकाच चुलीवर रांधणाऱ्या. जाऊ म्हणाली, "सायेब, आमच्या अक्काला ताट दिलंत, वाढणार कोण?" सगळ्या हसल्या. त्या बाईचा आवाज मी ऐकला तो तेवढाच.

मे महिना अर्धा गेला आणि तिकडे धूळवाफ पेरणी सुरू झाली. पाऊस लागायच्या आत कोरड्या मातीत भात पेरून घेतात, त्या कामाला मोजकेच दिवस मिळतात. पुढे बैलांमागे पेरणीची कुरी चालते, मागे बायका ढेकळं फोडतात. नेमके त्या आठवड्यात ओळीने तीन दिवस इशारे आले आणि तिन्ही दिवस वाडीवर थेंब पडला नाही. ढग यायचे, गुरगुरायचे आणि खानापूरच्या बाजूला निघून जायचे. अक्काने तीनदा ताट वाजवलं, तीनदा पेरणी थांबली, बायका शाळेत जाऊन बसल्या आणि बाहेर लख्ख ऊन.

तिसऱ्या दिवशी अक्काच्या फोनवरून एक आवाज आला. तिच्या चुलत सासऱ्यांचा, त्यांना वाडीत अप्पा म्हणतात. मी तो कचेरीतच लावला, शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल इतका मोठा. अप्पा म्हणत होते, "सायबांचा आवाज आला की आमच्याकडं ऊन पडतंय बघा. वाळवणाला झ्याक हाय. उद्या मिरच्या घालणार, तेवढा आवाज पाठवा." शेजारच्याने ते कन्नडमध्ये करून साऱ्या खोलीला सांगितलं. उन्हाला कन्नडमध्ये बिसिलु म्हणतात, तेव्हा त्या दिवसापासून माझं नाव पडलं बिसिलप्पा. चहा आणणारासुद्धा म्हणाला, बिसिलप्पा, चहा. मीही हसलो. घरी गेलो आणि जेवलो नाही.

त्याच संध्याकाळी अक्काने स्वतः आवाज पाठवला. "अण्णा, अप्पांचं मनाला लावून घेऊ नका. खरं आसंल तरच सांगा की. पोरी हसूलाल्यात मला. आणखी दोनदा आसं झालं तर ताट फुटंस्तवर बडवलं तरी कोण उठायचं नाही."

तिचं म्हणणं शहाणपणाचं होतं. पण त्यातून मी घेतलं ते हे, की आता काय पाठवायचं ते मी ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून गेल्यावर इशारा आला. कन्नड मजकूर मी लगेच ग्रुपवर टाकला, रजिस्टरात वेळ लिहिली, सही केली. ते नोकरीचं काम, त्यात मला कोणी पकडू शकणार नाही. मग फोन तोंडाशी धरून म्हणालो, "अक्का, सव्वादोन वाजलेत." पुढचं नेहमीचं बोललो. एकदा ऐकलं. आणि पाठवायचं बटण न दाबता रडारचं चित्र उघडलं.

अळणावरच्या पश्चिमेला घेवड्याच्या दाण्याएवढा लाल डाग होता. आदल्या तिन्ही दिवशीही असाच होता. मी जिना चढून गच्चीवर गेलो. धारवाडवर आभाळ पांढरंफटक, टाकीच्या सावलीत दोन कावळे चोची उघड्या टाकून बसलेले. म्हटलं, चित्र दहा मिनिटांनी बदलतं, पुढचं बघू आणि पाठवू. पुढचं आलं. डाग तिथेच होता, थोडा वाढलेला. म्हटलं, आणखी एक बघू. ते यायला वेळ लागला. मी फोन हातात धरून गच्चीवर उभा.

मी अक्काच्या सांगण्यावरून थांबलो, तिच्या ताटाची पत राहावी म्हणून थांबलो, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. ते खोटं आहे. मला पुन्हा स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. खाली खोलीत बसलेली चार माणसं आणि चाळीस किलोमीटरवरचा एक म्हातारा यांनी मला आणखी एकदा बिसिलप्पा म्हणू नये, एवढ्यासाठी मी उभा होतो.

तीन वाजायला आले आणि एकाएकी वारा सुटला. टाकीचं झाकण उडून गच्चीवर आपटलं. पश्चिमेकडून धुळीची भिंत येत होती आणि तिच्या मागे आभाळ काळं झालं होतं. मी तिथेच बटण दाबलं. सव्वादोनला बोललेलीच फाईल गेली. पुन्हा नव्याने बोलावं हे मला त्या घाईत सुचलं नाही. तेवढ्यापुरता तरी त्यात कावा नव्हता. कावा नंतरचा.

मग फोन सुरू झाले. कमरीपेठेतून तीन, पत्रे उडाले म्हणून. जुन्या हुबळीत एका बोळात तार तुटून लोंबत होती. मी लिहून घेत होतो, पुढे कळवत होतो, हात चालत होता. साडेतीनच्या पुढे वाडीवरून फोन आला. कोण बोलत होतं ते मला आता आठवत नाही. आंब्याखाली पाच बायका थांबल्या होत्या, चौघी बचावल्या, एक गेली. अक्काची जाऊ. पावणेतीनच्या सुमाराला. रजिस्टरात एका पत्र्याच्या आणि दुसऱ्या पत्र्याच्या मध्ये माझ्या अक्षरात ती ओळ आहे. वळणदार आहे, बाकीच्या ओळींसारखीच.

दुसऱ्या दिवशी साहेबांबरोबर मीही वाडीवर गेलो. आंब्याची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. साहेब चांगला माणूस. त्यांनी हळू आवाजात अक्काला विचारलं, इशारा मिळाला होता का. तिने फोन पुढे केला. कोणीतरी तो लावला आणि भरल्या अंगणात मी बोलायला लागलो.

"अक्का, सव्वादोन वाजलेत."

सगळ्यांनी ऐकलं. तलाठ्याने लिहून घेतलं, सव्वादोन. त्या आवाजाखाली बारीक आकड्यांत दोन त्रेपन्न असं लिहिलेलं होतं, आजही असेल. ते कोणी वाचलं नाही. माणूस स्वतः तोंडाने वेळ सांगत असताना आकडे कोण वाचतं? साहेब माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले की तुम्ही तुमचं काम वेळेवर केलंत.

अक्का म्हणाली, "फोन घरात ऱ्हायला, साहेब. करंट आला म्हणून चार्जिंगला लावला आणि तशीच शेताकडं गेले. बांधावर पोचायच्या आत वीज पडली."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. जावेचा नवरा भिंतीशी बसला होता, तो उठून आत गेला. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. साहेबांना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी विचारलं, पाणी हवं का? मी हो म्हणालो. अक्कानेच आणून दिलं. मी ते प्यालो.

त्यानंतर बारा दिवस मी एका गोष्टीला धरून होतो. फोन घरात होता. म्हणजे मी सव्वादोनला पाठवला असता तरी तिच्यापर्यंत पोचला नसताच. रोज आंघोळीच्या वेळी, स्कूटर चालवताना, मी हा हिशेब मांडायचो आणि तो सुटायचा.

तेराव्याला गेलो. म्हटलं, बाजूला घेऊन तिला सांगू. बाजूला तिनेच मला घेतलं, गोठ्यापाशी. म्हणाली, तुम्ही एवढं सांगत होता आणि मीच चुकले, तेव्हा तुमच्यापाशी तरी बोलते. आणि तिने तो दिवस सांगितला. जेवायला घरी आली होती. माझा आवाज येईल म्हणून जेवतानाही फोन मांडीवर होता. जेवण झालं, भांडी झाली, आवाज आला नाही. दुपारची गाडी अळणावरकडे गेली, तिची शिट्टी ऐकली तेव्हा फोन तिच्या हातात होता. मग करंट आला. आज काही नाही म्हणून तिने फोन लावून ठेवला आणि निघाली.

ती गाडी अडीचला जाते. त्या भागात लोक घड्याळ तिच्यावर लावतात.

म्हणजे सव्वादोनला फोन तिच्या मांडीवर होता. त्यानंतरची पंधरा मिनिटंही. आवाज आला असता तर ताट वाजलं असतं, आणि शाळा त्या शेतापासून पाच मिनिटांवर आहे. माझा हिशेब तिथे गोठ्यापाशी मोडला. मी म्हणालो, "अक्का, गाडी अडीचला जाते ना?"

ती म्हणाली, "तेच की, अण्णा. मीबी लई इचार केला. तुमचा आवाज सव्वादोन म्हणतोय, म्हणजे गाडीच त्या दिवशी लवकर गेली असणार."

मी सांगायला गेलो होतो. ती स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हती, रेल्वेवर तयार नव्हती, माझ्यावर होती. पान वाढलंय म्हणून आतून हाक आली. मी जेवलो आणि निघालो.

दिराने त्याच पावसाळ्यात चूल वेगळी केली. घर एक, मधला दरवाजा उघडा, चुली दोन. तो तिला दोष देत नाही, तिच्याशी बोलत नाही एवढंच. जावेची मुलगी पूर्वी हिच्याच कुशीत झोपायची, आता तिला पलीकडे झोपवतात. हे मला अप्पांनी सांगितलं. ते हल्ली माझ्याशी फार अदबीने बोलतात. म्हणाले, सायेब, मी तुमची चेष्टा केली, माझ्या तोंडाला किडे पडू देत. मी म्हणालो, असू दे अप्पा. मोठ्या मनाने माफ केल्यासारखा म्हणालो.

गेल्या मे महिन्यात पुन्हा गेलो. या खेपेला सांगायचंच असं ठरवून, बायकोला हुबळीला काम आहे असं सांगून, एसटीने. फाटकापाशी पोचलो तर आतून माझाच आवाज ऐकू आला. "अक्का, सव्वादोन वाजलेत." मी जागीच थांबलो. तो संपला. ती बाहेर आली, शेताला निघालेली. फोन कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेला. मला बघून जरा ओशाळली. म्हणाली, रोज जायच्या आधी एकदा ऐकते, म्हणजे फोन विसरत नाही.

मग म्हणाली, "अण्णा, हल्ली तुम्ही वेळ सांगत नाहीसा."

खरं होतं ते. त्या दिवसानंतर मी एकही इशारा क्षणभर अडवलेला नाही, डाग लाल असो की पिवळा. पण सुरुवातीला वेळ सांगणं सोडून दिलंय. जमत नाही. मी म्हणालो, आता घाईत पाठवतो.

"सांगा की," ती म्हणाली. "वेळ सांगितली म्हणजे मला कळतंय, माझा किती उशीर झाला ते."

तिच्या पायाशी, अंगणातल्या फरशीवर, मी तेव्हा बसायला हवं होतं आणि सगळं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, बरं, सांगत जाईन. आणि परतीच्या एसटीची वेळ विचारली.

यंदाचे ढग सुरू झालेत. काल कुंदगोळच्या बाजूला गारा पडल्या, मी लिहून घेतलं. कचेरीत आता मला कोणी बिसिलप्पा म्हणत नाही. नव्या माणसांना माझं उदाहरण देतात, हे बघा, यांनी स्वतःच्या मनाने मराठीत इशारे सुरू केले. परवा साहेबांनी एका बैठकीत त्या सव्वादोनच्या निरोपाचा उल्लेख केला, वेळेवर इशारा जाऊनही माणसं कशी गाफील राहतात याचा दाखला म्हणून. खोलीभर माना हलल्या. त्यांच्याबरोबर माझीही हलली. त्या दिवसापासून मला झोप नाही, आणि म्हणून हे लिहितो आहे. हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, हे मला ठाऊक आहे. अक्काला वाचता येत नाही.

मी तिचं एवढं देणं लागतो. तिच्या अंगणात, तिच्या दिरासमोर आणि अप्पांसमोर उभं राहून मला म्हणायचं आहे, की गाडी वेळेवरच गेली होती, फोन तुमच्या मांडीवरच होता आणि आवाज माझ्यापाशी होता. ते मी अजून म्हटलेलं नाही.